एका दमात

दादा कोलकात्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यात बदलीवर होता, तेव्हा मी महिनाभर त्याच्याकडे राहिले होते. पहाटे तो जवानांची पीटी घ्यायचा. झाडांआडून त्याचा आवाज यायचा, ‘एक, दो, तीन, चार...’ एका दमात कुठवर जाईल याची मी वाट बघायचे आणि आधी थकायचे.

एका रविवारी त्यानं जीपीओपाशी नेलं. जुना किल्ला इथं होता. 20 जून 1756च्या रात्री पकडलेल्या इंग्रजांना तिथल्या एका लहानशा कोठडीत कोंडलं. उजाडेपर्यंत बरेच गुदमरून गेले. किती, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. आजचा किल्ला त्यानंतर बांधलेला.

पुढं दादाला मोटर न्यूरॉनचा आजार झाला, पुण्याच्या घरात त्याला धाप लागू लागली, आणि मला ती कोठडीच आठवली. खिडक्या सताड उघडल्या, ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला निघाले. छातीच्या डॉक्टरांनी थांबवलं. हवा भरपूर आहे, म्हणाले, भाता थकलाय. श्वासपटल दुबळं झालं की वापरलेली हवा बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड आत साचतो. नुसत्या ऑक्सिजननं तो आणखी वाढू शकतो. हात द्यायचा तो भात्याला.

तो हात म्हणजे बायपॅप, मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र. पहिल्या रात्री दादानं मान हलवून मास्क नाकारला. मग वहिनीनं दुपारी, टीव्हीसमोर, दहा-दहा मिनिटांपासून सुरुवात केली. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला, तिथं ती मऊ पट्टी लावते. आता रात्रभर यंत्राची संथ फुंकर चालते आणि माझा भाऊ झोपतो. ती झोप बघायला मी मुद्दाम उठते. इंग्लंडमधल्या 2006च्या अभ्यासात, गिळण्या-बोलण्याचे स्नायू बरे असलेल्या रुग्णांना या यंत्रानं जवळपास सात महिने जास्त मिळाले. सात महिने म्हणजे किती सकाळी!

फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून. सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट. हे सांगितलं तेव्हा दादा हसला आणि एका दमात चौदापर्यंत मोजून दाखवलं. हिंदीतच.

घरात हा आजार असेल, आणि माणूस म्हणत असेल की सकाळी डोकं जड असतं, आडवं झोपवत नाही, दिवसा डुलक्या येतात, तर सिलिंडर शोधू नका. श्वासाची तपासणी बसून आणि आडवं निजवून, दोन्ही करायला सांगा. बायपॅपचं स्वतःहून विचारा. आम्ही तीन महिने उशीर केला.