घट्टे लपवू नका, जपा

मुलगी मल्लखांबाच्या वर्गाला जाऊ लागली की पहिला महिना घरात तिच्या कौतुकात जातो. दुसऱ्या महिन्यात कुणीतरी तिचा हात हातात घेते आणि म्हणते, "अगं बाई, काय हे हात झालेत तुझे! मुलीचे हात वाटतात का हे?" बोलणारी कधी आजी असते, कधी मावशी, कधी शेजारच्या काकू. त्यांच्या मनात वाईट काहीच नसते. पण त्या दिवसापासून मुलगी फोटोत मुठी मिटून उभी राहू लागते. मग वर्गाला दांड्या सुरू होतात. विचारले तर "अभ्यास आहे" म्हणून सांगते. खरे कारण मात्र तिच्या तळहातावर असते.

मुलाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. त्याने घट्टे दाखवले की काका पाठ थोपटतात. फोड फुटून हात रक्ताळला तरी "एवढ्याशाने रडतोस?" म्हणून त्याला पुन्हा मैदानात पाठवले जाते. एकीला हातांची लाज वाटायला शिकवायची आणि दुसऱ्याला दुखण्याची! यात नुकसान दोघांचेही होते, कारण हाताकडे नीट पाहायला कुणीच शिकवत नाही.

घट्टा म्हणजे काय?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तळहात आणि तळपायावर तो मुळातच जाड असतो. एकाच जागी रोज थोडे थोडे घर्षण होत राहिले की त्वचा तिथे अधिक पेशी तयार करते आणि तो थर आणखी जाड होतो. हाच घट्टा. ही शरीराने स्वतः शिवलेली ढालच म्हणायची. परंतु घर्षण एकदम आणि जोराचे झाले, तर त्वचेला तेवढी सवड मिळत नाही. तिचे थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये पाणी भरते आणि फोड येतो. म्हणूनच सरावाची वेळ हळूहळू वाढवावी लागते. सुट्टी लागली म्हणून पहिल्याच दिवशी तीन तास दोरीला लटकणाऱ्याचे हात दुसऱ्या दिवशी जेवताना घासही धरू देत नाहीत.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ज्याला नवे जीवन दिले, तो हा खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली तो बर्लिनमध्ये दाखवला. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला आणि 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेळ इतका पुढे गेला, तरी कातडीचा हिशेब जुनाच आहे. लाकडी खांबावर अंग घासू नये म्हणून एरंडेल लावतात. दोरीला मात्र तेल चालत नाही. ती अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरायची असते, मांडीला आणि पोटरीला तिचे वेढे घ्यायचे असतात. त्यामुळे दोरीवरच्या मुलींच्या तळहातांइतकेच पायाच्या बेचक्याकडे आणि गुडघ्यामागच्या नाजूक कातडीकडेही लक्ष द्यावे लागते. सह्याद्रीच्या कातळावर चढणाऱ्यांची बोटांची टोके सोलवटतात, तर व्यायामशाळेत लोखंडी बारला लटकणाऱ्यांच्या बोटांच्या मुळाशी घट्टे येतात. जागा वेगवेगळ्या असल्या तरी काळजी एकच.

रोजची पाच मिनिटे

सराव संपल्यावर हातपाय साध्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवावेत. घाम आणि धूळ तर जायला हवीच, पण पकड यावी म्हणून हाताला लावलेली पांढरी पावडरही जायला हवी. ही पावडर मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. ती घाम शोषते, तशी नंतर त्वचाही कोरडी करते. हात टिपून घ्यावेत, खसाखसा पुसू नयेत.

तळहाताला घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, परंतु तेलग्रंथी नसतात. म्हणून तिथे वरून स्निग्धता द्यावी लागते. त्यासाठी महागडी क्रीम आणण्याची गरज नाही. खोबरेल तेल, ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली पुरते. कोकणात भेगांसाठी कोकमाचे तेल गरम करून लावण्याची पद्धत आहे, तेही सोसवेल इतपत कोमट करून लावता येते. लावायची वेळ मात्र रात्रीची, झोपण्यापूर्वीची. सरावाला जाताना तेलकट हात घेऊन दोरीवर चढणे म्हणजे पडण्याला आमंत्रण.

आठवड्यातून एक-दोनदा हात पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून घट्टे मऊ करावेत आणि वज्रीने किंवा बारीक कानशीने हलके घासावेत. घट्टा नाहीसा करायचा नाही, फक्त आजूबाजूच्या कातडीबरोबर सपाट आणायचा. उंच राहिलेली कडा दोरीत अडकते आणि घट्टा मुळापासून उचकटतो. तो ब्लेडने तासू नये, दातांनी कुरतडू नये. नखे नेहमी लहान ठेवावीत.

कातडी सोलवटली तर

सराव तिथेच थांबवावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. फोड न फुटलेला असेल तर फोडू नये, त्याची कातडीच आतल्या भागाचे रक्षण करते. घट्टा उचकटून लोंबत असेल तर तो ओढू नये, लोंबणारा भाग स्वच्छ कात्रीने कापावा. मग पेट्रोलियम जेली लावून पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. दोरीचा चटका बसला तर आधी थंड पाणी. चुना, टूथपेस्ट, राख यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. नवी कातडी दाबल्यावर दुखेनाशी झाली की हात पुन्हा दोरीला लावावा. तोवर पायांचे आणि लवचिकतेचे व्यायाम चालू ठेवता येतात.

जखमेभोवतीची लाली पसरू लागली, जागा गरम लागली, पू झाला, लाल रेघ हातावर वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी घट्टे स्वतः घासू नयेत आणि कुरुपावरच्या औषधी पट्ट्याही आपल्या मनाने लावू नयेत. घट्ट्यासारखा दिसणारा भाग चिमटीत धरल्यावर दुखत असेल, त्यात काळे ठिपके दिसत असतील आणि कातडीच्या रेघा तिथे तुटल्या असतील, तर ती बहुधा विषाणूमुळे होणारी चामखीळ असते. ती एकाची दुसऱ्याला होऊ शकते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी.

मोठ्यांचे काम

हे सारे मुलांनी एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवू नये. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या कुणीतरी "दाखव बघू हात" म्हणावे, घट्ट्यांवरून बोट फिरवावे, कडा उचलली आहे का ते पाहावे. ज्या घरात आईचे हातही भांडी आणि कपडे धुऊन भेगाळलेले असतात, तिथे तेलाची एकच वाटी दोघींना पुरते.

मुलीचा खेळ कधी ना कधी थांबेल. परीक्षा येतील, गाव बदलेल, आवडही बदलेल. खेळ थांबल्यावर घट्टे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप विरतात आणि हात पुन्हा मऊ होतात. मात्र हातांच्या लाजेपायी सोडलेला खेळ तसा आपोआप परत येत नाही. म्हणून तिचा हात हातात घेतल्यावर तोंडून निघणारा पहिला शब्द मोठ्यांनी जपून वापरावा.