अर्धी परवानगी

गृहस्थाच्या घरांत 'परवानगी' या शब्दाला मोठा मान असतो. मुलें ती मागतात, वडील ती देतात, आणि ती दिली म्हणजे आपण उदार ठरलों असें समाधान वडिलांना लाभतें. हें समाधान आम्हीं आयुष्यभर उपभोगिलें आहे. तें कितपत खरें होतें, ही शंका मात्र आम्हांस उतारवयांत आली, आणि तीही परदेशांतील एका लहान गांवच्या क्रीडांगणाच्या कडेला उभे असतांना. ती हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापुरांत फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे. पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे चांगली शहाणीसुरती माणसें दुपारपासून घरीं सांपडत नाहींत. अशा गांवांत वाढलेल्या आमच्या कन्येस चेंडूचा लळा लागला, यांत नवल तें काय? १९८० च्या सुमारास ती आठनऊ वर्षांची होती. थोरल्या भावाबरोबर ती बोळांत खेळूं लागली आणि पाहतां पाहतां त्याच्याहून सरस खेळूं लागली. शेजारपाजारचीं माणसें कुजबुजूं लागलीं. आम्हीं मात्र तिला परवानगी दिली! दिवेलागणीपूर्वीं घरीं परत यावयाचें. चेंडू रबराचा, कातडी नव्हे. बूट नकोत, मुलीच्या जातीला ते कशाला. पावसाळ्यांत खेळ बंद. आणि बोळाबाहेर मैदानावर जावयाचें नाहीं, एवढ्याच काय त्या अटी होत्या. तिला बारावें वर्ष लागलें तेव्हां चेंडू माळ्यावर गेला. ती रडली नाहीं, रुसली नाहीं. त्यावरून तिला आमचें म्हणणें पटलें, असें आम्हीं धरून चाललों.

पुढें कित्येक वर्षें लोटलीं. चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत बॉन येथें स्थायिक झाले. २०१८ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों, आणि सुटीमुळें कन्या व नातही बरोबर आल्या. आमच्या गुडघ्यांच्या दुखण्यावर खनिज पाण्याचा गुण यावा म्हणून चिरंजीव आम्हां सर्वांस एके दिवशीं बाड नॉयनआर या गांवीं घेऊन गेले. बॉनहून आगगाडीनें राइन नदीच्या कांठाकांठानें रेमागेनपर्यंत जावें, आणि तेथून आहर नावाच्या उपनदीच्या खोऱ्यांत वळावें, कीं थोड्याच वेळांत हें गांव लागतें. दोहों बाजूंच्या डोंगरउतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. १८५२ सालीं अशाच एका मळ्यांत अपोलिनारिस हा प्रसिद्ध झरा सांपडला. १८७७ सालीं खुद्द कार्ल मार्क्स प्रकृतीसाठीं येथें येऊन राहिले होते. असें हें रुग्णांचें, वृद्धांचें आणि शांततेचें गांव. येथें कांहीं खळबळ झाली असेल, असें पाहणाऱ्यास वाटणार नाहीं.

पाणी पिऊन आम्ही फिरावयास निघालों तों एका मैदानावर मुलींचा फुटबॉलचा सराव चाललेला दिसला. नात कुंपणापाशीं जाऊन खिळून राहिली. चिरंजिवांना कोल्हापूरचें वेड जसेंच्या तसें जडलेलें असल्यानें त्यांनीं या गांवच्या संघाचा इतिहास सांगावयास आरंभ केला. त्यांतील कांहीं भाग आम्हीं मागाहून वाचून पडताळून पाहिला. तो असा.

जर्मनींतील स्त्रियांनीं फुटबॉल खेळूं नये, असें तेथील शिष्ट समाजाला फार दिवसांपासून वाटत होतें. १९३० सालीं फ्रांकफुर्ट येथें लोटे श्पेश्ट या खाटकाच्या मुलीनें स्त्रियांचा पहिला फुटबॉल क्लब काढला. त्या मुलींवर प्रेक्षकांनीं दगड भिरकावले आणि वर्षभरांत तो क्लब बंद पडला. पुढें १९५४ सालीं जर्मनीच्या पुरुषांनीं विश्वचषक जिंकला, सारा देश फुटबॉलमय झाला, आणि स्त्रियाही ठिकठिकाणीं संघ बांधूं लागल्या. तेव्हां ३० जुलै १९५५ रोजीं राष्ट्रीय फुटबॉल महासंघानें ठराव केला कीं, कोणत्याही क्लबानें स्त्रियांचा विभाग उघडूं नये, त्यांस आपलें मैदान देऊं नये, आणि पंचांनीं त्यांच्या सामन्यांत काम करूं नये. कारण काय? तर चेंडूसाठींच्या झटापटींत स्त्रीचें लालित्य लोपतें, तिच्या देहामनास इजा पोंचते, आणि अंगप्रदर्शनानें शालीनतेस बाध येतो.

हें कारण वाचून आम्हांस आपल्याच इतिहासाची आठवण झाली. १८८४ सालीं पुण्यास हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हां मुलींनीं काय शिकावें आणि काय शिकूं नये यावर असाच खल झाला होता. देश निराळे, भाषा निराळ्या. परंतु काळजी करणारांची वाक्यें मात्र एकाच टांकसाळींतून निघाल्यासारखीं!

वरील ठरावाची मेख वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. स्त्रियांनीं चेंडूस पाय लावूं नये, असें त्यांत म्हटलेलें नव्हतें. फक्त मैदान, पंच आणि क्लब हीं तीन काढून घेतलीं होतीं. खेळ उरला, पण त्याला जागा उरली नाहीं. तरीही स्त्रिया खेळत राहिल्या. १९५६ सालीं एसेन येथें जर्मन व डच स्त्रियांचा अनधिकृत सामना झाला, तो पाहावयास १८,००० माणसें लोटलीं होतीं.

महासंघाच्या आज्ञेचा भार पडला तो लहान गांवांतील क्लबांवर. गांवांत मैदान एकच, आणि तें क्लबाचें. तें मिळालें तर सर्व मिळालें. बाड नॉयनआरचा क्लब १९०७ सालचा, म्हणून त्याचें नांव 'एस. सी. ०७'. बंदी अंमलांत असतांनाच या क्लबांत स्त्रियांचा संघ उभा राहिला. १९७० च्या जुलैंत इटलींत स्त्रियांची अनधिकृत विश्वचषक स्पर्धा झाली. जर्मनीच्या नांवानें तींत उतरला, तो हा गांवचा संघ. इंग्लंडनें त्यांना ५–१ असें हरविलें, डेन्मार्कनें ६–१ असें. दोन गोल केले, अकरा घेतले, आणि मुली घरीं परतल्या. ज्या महासंघाच्या दृष्टीनें त्यांचें अस्तित्वच नव्हतें, त्याच्याच देशासाठीं त्या हरून आल्या होत्या.

स्त्रिया आपला वेगळा संसार थाटतील, या धास्तीनें म्हणा किंवा काळाचें पाऊल ओळखून म्हणा, ३१ ऑक्टोबर १९७० रोजीं महासंघानें बंदी उठविली. परंतु अटी घातल्या. सामना तीस-तीस मिनिटांच्या दोनच डावांचा, चेंडू हलका, बुटांना खिळे नसावेत, आणि हिंवाळ्यांत सहा महिने खेळ बंद.

खिळ्यांविना बूट घालून ओल्या गवतावर फुटबॉल खेळावयाचा, ही कल्पना ऐकून आम्हांस हंसूं आवरेना. आम्ही म्हणालों, "परवानगी द्यावयाची तर ती अशी! पाय घसरून पडावें, म्हणजे मुली आपोआप घरीं बसतील."

चिरंजीव हंसले. कन्या हंसली नाहीं. ती मैदानाकडे पाहत होती. थोड्या वेळानें ती शांतपणें म्हणाली, "बाबा, मला तर तुम्हीं बूटसुद्धां दिले नव्हते."

त्यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें होतें काय? हलका चेंडू, थोडा वेळ, बूट नकोत, हवा वाईट असली कीं खेळ बंद! महासंघाच्या सभेंत बसलेल्या त्या गृहस्थांच्या अटी आमच्या अटींशीं ताडून पाहिल्या, तर फरक इतकाच कीं त्यांनीं मैदान तरी दिलें; आम्हीं तेंही दिलें नव्हतें. आणि त्यांच्या अटी सैल होत गेल्या, आमच्या मात्र बाराव्या वर्षीं पूर्णत्वास पोंचल्या. ज्यांना आम्ही हंसलों, त्यांच्याच पंक्तींत आमचें पान मांडलेलें होतें.

अर्ध्या परवानगीचा दोष हा कीं, देणाराला ती पूर्ण वाटते आणि घेणाराला उपकार मानावा लागतो. बंदीविरुद्ध भांडतां येतें. सवलतीविरुद्ध भांडणारा कृतघ्न ठरतो. म्हणूनच त्या जर्मन स्त्रियांचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें. त्यांनीं अटी पाळल्या आणि खेळून खेळूनच त्या झिजविल्या. १९७४ सालीं स्त्रियांचें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद व्यर्श्टाट या आणखी एका लहान गांवच्या क्लबानें मिळविलें, आणि त्या अंतिम सामन्यांत बेर्बेल वोलेबेन हिनें मारलेला गोल दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनीं महिन्यांतील सर्वोत्तम म्हणून निवडला. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. १९७८ सालीं बाड नॉयनआरच्या मुलींनीं मार्पिंगेनच्या संघास २–० असें हरवून तेंच अजिंक्यपद आपल्या गांवीं आणलें. जर्मन स्त्रियांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना व्हावयास मात्र १९८२ साल उजाडलें. तो जवळच्याच कोब्लेंट्स शहरीं झाला आणि स्वित्झर्लंडला ५–१ अशी हार खावी लागली. १९८९ सालीं या स्त्रियांनीं युरोपचें विजेतेपद मिळविलें, तेव्हां महासंघानें प्रत्येकीला बक्षीस काय द्यावें? चिनी मातीचा कॉफीचा संच! पूर्ण नव्वद मिनिटें खेळण्याची मुभा त्यांस १९९३ सालीं मिळाली. म्हणजे बंदी उठल्यापासून पूर्ण सामन्यापर्यंत येण्यास तेवीस वर्षें लागलीं.

बाड नॉयनआरच्या क्लबाची पुढची वाटचाल चढउतारांची आहे. सेलिया शाशिच ही बॉन येथें जन्मलेली मुलगी २००४ सालीं येथें आली आणि नऊ वर्षें खेळली. २०१५ सालीं ती युरोपांतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. परंतु लहान गांवाची थैलीही लहानच. २०१३ सालीं क्लबाचें दिवाळें वाजलें आणि त्यास सर्वोच्च श्रेणी सोडावी लागली. लगेच 'एस. सी. १३' नांवाचा नवा क्लब निघाला व मुली खेळत राहिल्या. पुढें १४ जुलै २०२१ च्या रात्रीं आहर नदीस महापूर आला. त्या खोऱ्यांत १३० हून अधिक माणसें दगावलीं, आणि अपोलिनारिस क्रीडांगणही पुरानें उध्वस्त केलें. ती बातमी ऐकतांच आमच्या कन्येनें पुण्याहून भावास फोन केला. सारे सुखरूप आहेत ना, हें विचारून झाल्यावर तिनें दुसरा प्रश्न त्या मैदानाविषयीं केला. एकच दुपार जें मैदान पाहिलें, त्याची चौकशी तिनें कां करावी, हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारण्याची गरजही नव्हती.

परदेशांतून परत आल्यावर एके दिवशीं आम्हीं माळ्यावर तो रबरी चेंडू शोधला. सापडला नाहीं. सौभाग्यवती म्हणाल्या, "तो केव्हांच मोलकरणीच्या मुलाला दिला." तें योग्यच झालें, कोणी तरी त्यानें खेळलें असेल. कन्येपाशीं आम्हीं आमची चूक कबूल केली, तेव्हां ती म्हणाली, "जाऊं द्या हो, बाबा. आतां काय त्याचें!" तिचा सूर मायेचा होता. परंतु गेलेली वर्षें क्षमेनें परत येत नाहींत, हें तिला ठाऊक आहे आणि आतां आम्हांसही.

घरोघरीं आजही मुलींना परवानग्या दिल्या जातात. आमच्या वाचकांपैकीं जे वडील असतील त्यांनीं एकदां त्या तपासून पाहाव्यात, आणि आपण मुलीला मैदान दिलें कीं नुसता बोळ, हें स्वतःस विचारावें, इतकीच आमची विनंती आहे.

नात पुण्यास शाळेच्या संघांतून खेळते. आम्ही पुण्यांत असलों म्हणजे छत्री व सतरंजीचा तुकडा घेऊन सामन्यास जातों. परवां भर पावसांत सामना होता. तिचे खिळ्यांचे बूट चिखलानें माखले होते, आणि खेळ संपेतों रस्त्यावरचे दिवे लागले होते. कन्या आमच्या शेजारीं उभी होती. शेवटची शिट्टी होईपर्यंत आमच्यापैकीं कोणीही घड्याळाकडे पाहिलें नाहीं.