आधी प्रस्तावना

आमच्या पिढीतल्या कुणालाच घरात पुस्तक मधूनच उघडायची मुभा नव्हती. वाचनालयातून आणलेलं पुस्तक जेवणं झाली की आजोबांच्या हाती जायचं आणि ते अर्पणपत्रिकेपासून मोठ्यानं वाचायला लागायचे. आम्ही चुलत भावंडं गोष्टीसाठी चुळबुळत असायचो. ‘अहो, पोरं पेंगतील,’ असं आजी म्हणायची. पण प्रस्तावनेचं पान कधी गाळलं गेलं नाही. लिहिणाऱ्याला आधी भेटा, मग त्याचं ऐका, असं आजोबांचं म्हणणं.

‘गीतारहस्य’ आम्हाला काय कळणार होतं! पण प्रस्तावना लक्षात राहिली. १८७२ साली टिळकांचे वडील शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले होते. त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवायचं काम सोळा वर्षांच्या मुलाकडे आलं. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली छापलेला एवढा मोठा ग्रंथ त्या आजारी माणसाच्या उशाशी सुरू झाला होता, हे आम्हाला फक्त प्रस्तावनेनं सांगितलं.

सगळ्यांत जास्त वेळा ऐकली ती मात्र ‘बहिणाबाईंची गाणी’ला आचार्य अत्र्यांनी लिहिलेली. खानदेशातली शेतकरी बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेल्या ओव्या घरच्या माणसांनी वहीत उतरवून ठेवलेल्या. बहिणाबाई गेल्यावर मुलानं, सोपानदेव चौधरींनी, ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. सभा गाजवणारे अत्रे इथे एका निरक्षर बाईचं मोठेपण जीव तोडून सांगतात, हे ऐकताना आई आणि काकू हातातलं काम ठेवून दारात येऊन बसायच्या. मला वाटतं, त्या दोघींना कविता आपलीही असू शकते, हे तिथेच उमगलं.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, तेव्हा घरात वाद झाला. आजोबांना तो पेलला नाही. काकांनी आधी विजय तेंडुलकरांची प्रस्तावना वाचली. त्या कवितांमधल्या वस्तीत ढसाळांबरोबर फिरून, अनोळखी शब्दांचे अर्थ विचारून तेंडुलकरांनी ती लिहिली होती. आपल्याला हे जग ठाऊक नाही, असं मान्य करून लिहिलेली प्रस्तावना आम्ही पहिल्यांदाच पाहिली. त्यानंतरच काका कवितांकडे वळले.

गणेशोत्सवातल्या व्याख्यानांचंही तसंच. प्रास्ताविक करणारे गुरुजी वक्त्याची पुस्तकं आठवडाभर वाचत आणि पाचच मिनिटं बोलत. समोरची माणसं सरसावून बसत. आता पाहुण्यांनी पाठवलेली माहिती कागदावरून वाचली जाते, पदं आणि पुरस्कार संपेपर्यंत सभा कंटाळते. हा वक्त्याचा आणि श्रोत्यांचाही अपमान आहे.

आमची भावंडं आता पुण्यात, नाशकात, काही परदेशात आहेत. त्यांना आणि तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे: नातवंडांना पुस्तक वाचून दाखवाल तेव्हा प्रस्तावनेपासून वाचा, आणि मोठ्यानं वाचा.