काकीच्या शेजारची जागा

मी कोण आहे हे मला कळायच्या आधीच गोरेगावात ते ठरून गेलं होतं. आमच्याकडे धानाच्या रोवणीत बाया बांधीत वाकतात, गडी पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकतात. मला मात्र बायांसोबत रोवायला आवडायचं. तेवढ्यावरून धुऱ्यावरची पोरं 'बायल्या' म्हणू लागली. शब्द एकदा चिकटला की पुढचं काम आपणच करतो. मनगट लुळं दिसू नये म्हणून मी मुठी आवळून शाळेत जायचो. हसताना तोंडावर हात न्यायचा नाही, आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा. कोण आवडतं याचा पत्ता नव्हता, पण लपवायचं काय ते तोंडपाठ!

काकी रोवणीच्या टोळीची म्होरकी. नात्यातली नव्हे, पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. एकदा पोरं फारच खिदळली. ती वाकलेलीच होती, हात चिखलात. मान तेवढी वळवून म्हणाली, "त्याची ओळ पायली का? आदी तेवढी सरळ लावून दाखव, मंग बोल." मला काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारची जागा तेवढी माझ्यासाठी ठेवली.

पुढे नागपुरात शिकताना र. धों. कर्व्यांविषयी वाचलं. त्यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना समलिंगी संबंधांवरही लिहिलं, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. काकीच्या घरात भिंतीवर बाबासाहेब. त्याच घरी मी कितीदा चहा प्यालो होतो!

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. त्या आठवड्यात गावी जाऊन काकीला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिसरी, माझी, सांगताना मुठी पुन्हा आवळल्या गेल्या.

तिनं आधी खटल्याचंच विचारलं. "मंग, जितले का बाबासाहेब?"

"नाही. हरले. कर्व्यांना दंड झाला."

"हं." बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुहा तो दोस्त कुठला?"

"पुण्याचा."

"पुढच्या रोवण्याले आणजो त्याले. वाकता येते का?"