मनाची उचल

कोल्हापूरहून गारगोटीला निघालेली एस. टी. बिद्रीजवळ आली, की गावाची पाटी वाचावी लागत नाही. हंगाम सुरू असेल, तर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आधी सामोरा येतो. नवख्याच्या नाकाला तो झोंबतो. गावकऱ्याला विचाराल, तर हा लक्ष्मीचा वास आहे, असे तो ठणकावून सांगेल.

बिद्री कागल तालुक्यात. तिथल्या सहकारी साखर कारखान्याचे नाव दूधगंगा-वेदगंगा आणि परिसराचे नाव मौनीनगर. रात्रंदिवस घरघरणारी यंत्रे, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यांवर कर्कश गाणी, आणि नाव काय, तर मौनीनगर! पहिल्यांदा मला हसू आले. पण नाव थट्टेचे नव्हे. दक्षिणेला, वेदगंगेच्या वरच्या अंगाला पाटगाव आहे. सतराव्या शतकात तेथे मौनी महाराज राहत. दक्षिण दिग्विजयाला निघण्यापूर्वी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले, असे परंपरा सांगते. न बोलणाऱ्या साधूला राजाने काय विचारले असेल? मोहिमेचा हिशेब मांडायला मुत्सद्दी होते, हेर होते. सगळ्यांचे सल्ले घेऊन झाल्यावर आपल्याच अंतःकरणाचे ऐकू यावे, एवढी शांतता त्यांना हवी असेल. हा माझा तर्क. इतिहासकारांनी मानला नाही तरी चालेल.

याच मौनी महाराजांच्या नावाने १९५२ साली गारगोटीला विद्यापीठ निघाले. ते उभारणारे डॉ. जे. पी. नाईक मूळचे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तुरुंगात गेले, तेथे आजारी कैद्यांची शुश्रूषा करायला शिकले आणि सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. एवढ्या बुद्धिमान माणसाला खेड्यात जाऊन राहा, असे कुठले शहाणपण सांगेल? आपल्या भाषेत याला सुरेख शब्द आहे : मनाने उचल खाल्ली. पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव झाले. साऱ्या देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या या माणसाने आधी एका खेड्याची शाळा आणि आरोग्य पाहिले होते. त्यांच्या पत्नी चित्राताई नाईक यांनी पुढे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत दिवसा राबणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. मुलाला शाळेची वेळ जमत नाही ना, मग शाळेने त्याची वेळ गाठावी! नवरा-बायकोच्या प्रेमाची वर्णने आपल्या कादंबऱ्यांत पुष्कळ आहेत; एकाच कामावर दोघांचा जीव जडावा, हा प्रकार मात्र आपल्या कादंबरीकारांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

या भागातले गुऱ्हाळ एकदा तरी पाहावे. काहिलीत रस उकळतो, चुलवाणात चिपाडे धडधडतात आणि गुळव्या एकटक पाहत उभा राहतो. भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढून टाकतात. मग पाक दाटतो, बुडबुड्यांचा आकार बदलतो, आवाजही बदलतो. थेंबभर पाक पाण्यात टाकून गुळव्या बोटांनी त्याची गोळी वळून बघतो, पण ती बहुधा इतरांची खात्री पटावी म्हणून. त्याला स्वतःला आधीच कळलेले असते. काहील अचूक क्षणी उतरली नाही, तर साऱ्या आधणाचे नुकसान. एका गुळव्याला मी विचारले, “कशावरून ओळखता?” तो म्हणाला, “हितं कळतंय की,” आणि त्याने छातीवर हात ठेवला. पण ते ‘हितं’ वीस वर्षे चुलवाणाची धग सोसून तयार झाले होते, हे विसरता येत नाही.

आता दुसरी उचल. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या मुलखात उतरतात. कित्येक बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून येतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशालाही ‘उचल’च म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसांची गणती हत्याराच्या नावाने! नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या, आणि उचल फिटेपर्यंत घरी परतायचे नाव काढायचे नाही. मुले शिवारातल्या कोपीत. त्यांच्यासाठी काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या. तरी ज्याची शाळा गावाकडे राहिली आणि आईबाप फडात गेले, त्या मुलाचे वर्ष हातचे जाते.

गेल्या हंगामात बिद्रीजवळच्या एका वस्तीवर मी चहाला थांबलो होतो. घरच्या आजींनी फडातल्या पोरांना फराळ दिला होता. मी कौतुक करू लागलो, तर त्या चिडल्याच.

“फराळानं काय व्हतंय वो, सर? ती पोरगी माज्या नातीएवढी. नात शाळंला जाती, आन् ही मोळ्या मोजती!”

दुसऱ्या दिवशी नातीबरोबर त्या तिलाही शाळेत घेऊन गेल्या. गुरुजींनी तिला बसवून घेतले. आठ दिवस गेली. मग फड संपला आणि एका पहाटे टोळी दुसऱ्या शिवारात हलली. पोरीची पाटी आजींच्या ओसरीवरच राहिली.

मी निघालो, तेव्हा आजी पदर खोचून पाटी पिशवीत घालत होत्या. टोळी कुठे उतरली, हे कारखान्याच्या शेती ऑफिसात विचारायला त्या निघाल्या होत्या.