दाजींची खूण आणि दाजींची गोळी

देवपूर, धुळे

चि. निखिल,


दाजींचा रिपोर्ट आणि पेपरातलं कात्रण, दोन्ही व्हॉट्सॲपवर पाहिलं. फोनवर दाजी शेजारीच बसले होते, म्हणून मोकळं बोललो नाही. तू विचारतोस, मुंबईत स्वदेशी कार-टी निघालंय, तर रावेरचं केळीचं शेत विकून दाजींना ते द्यायचं का? शेताला हात लावू नकोस.

कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्करोगाची एक खूण ओळखायला लावून परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार-१९ला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. ४ एप्रिल २०२४ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण ते ज्या खुणेवर चालून जातं ती सीडी-१९, आणि ती असते बी-पेशींवर. दाजींना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. त्यांच्या बेसुमार वाढलेल्या पेशींवर ती खूणच नाही.

त्यांची खूण पेशीच्या आत आहे. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर आणि एबीएल ही जनुकं जोडली गेली. ते आखूड झालेलं गुणसूत्र १९६०मध्ये फिलाडेल्फियात सापडलं. ती अदलाबदल असल्याचं १९७३मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. या जोडजनुकाचं प्रथिन पेशींना थांबूच देत नाही. म्हणून दाजींच्या पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या आणि डाव्या बरगडीखाली पानथरी हाताला लागली.

या प्रथिनाच्या सांध्यावरचा तुकडा शरीराला परका, म्हणून त्याची लस करून पाहिली गेली. डब्ल्यूटी-१, पीआरएएमई ही जनुकं एरवी बहुतेक पेशींत जवळपास निजलेली असतात, पण अशा आजारात जागी होतात आणि आजार बळावला की जास्तच बोलू लागतात. त्यांच्यावरही संशोधन चालू आहे. प्रतिकारशक्ती या पेशी ओळखू शकते हे खरंच आहे : अस्थिमज्जा बदलल्यावर आजार उलटला, तर दात्याच्या लिम्फोसाइट देऊन तो पुन्हा आटोक्यात आणता येतो. पण लस अजून रोजच्या उपचारात आलेली नाही.

आलेली आहे ती गोळी. इमॅटिनिब नेमकं त्या जोडप्रथिनालाच अडवतं. अमेरिकेत तिला २००१मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे मूळ कंपनीची गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या घरात जायची आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची. १ एप्रिल २०१३ला सुप्रीम कोर्टाने त्या कंपनीला पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते जळगावच्या सरकारी रुग्णालयात आरोग्यमित्राला विचार.

आता रिपोर्टवरचा टक्का. ते जोडजनुक रक्तात किती बोलतंय, याचं ते माप. तीन महिन्यांत तो १०च्या आत आणि वर्षभरात ०.१च्या आत यावा, अशी अपेक्षा असते. चाचणी शक्यतो एकाच लॅबमध्ये कर, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील.

खरी भीती मला वेगळीच आहे. लंडनमध्ये ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या डब्यांना चिप असलेली झाकणं लावून डबा कधी उघडला याची नोंद ठेवली होती. हा अभ्यास २०१०मध्ये छापून आला. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात ०.१ गाठण्याची शक्यता सहा वर्षांत सुमारे ९४ टक्के निघाली. त्याहून कमी घेणाऱ्यांत २८. ८० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत एकालाही तिथवर पोचता आलं नाही. महिन्यात तीन-चार गोळ्या चुकल्या की माणूस दुसऱ्या गटात जातो. दाजींचा स्वभाव तुला ठाऊक आहे. केळीची कटाई लागली की ते जेवणही विसरतात, आणि ही गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते.

तेव्हा रात्रीच्या जेवणाला ताईने ताटाशेजारी गोळी ठेवावी आणि तू कॅलेंडरवर खूण करावी. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही. तो निर्णय रिपोर्ट बघून डॉक्टर घेतील.

तुझा,
मामा