हलका छर्रा, जड छर्रा

छर्र्याची बंदूक म्हटलं की आपल्याला जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आठवते. अमेरिकेत पोरं खेळतात ती एअरसॉफ्ट बंदूक वेगळी. तिचे छर्रे प्लास्टिकचे, गोल, ६ मिलिमीटरचे. बंदूक दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी, आणि खेळात ती चक्क एकमेकांवर झाडायची!

ओहायोत लेकीकडे गेले तेव्हा सोळा वर्षांच्या नातवाकडे अशी स्प्रिंगची बंदूक पाहिली. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "आजी, मी जड छर्रे वापरतो. ते हळू जातात, म्हणजे कमी लागतात."

मी बी.ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण मुलाच्या तोंडून असा 'म्हणजे' आला की अजून कान टवकारतात. म्हटलं, मोजून दाखव.

वेग मोजायला क्रोनोग्राफ नावाचं यंत्र असतं. छर्रा त्याच्या सेन्सरांपुढून गेला की आकडा दिसतो. गॅरेजमध्ये पुठ्ठ्याचं जाड खोकं ठेवलं, दोघांनी गॉगल घातले. तो बार काढायचा, मी वहीत लिहायचे. प्रत्येक वजनाचे पाच बार, मग सरासरी. ०.१२ ग्रॅमच्या छर्र्याचा वेग सेकंदाला ११५ मीटर, ०.२० चा ९०, ०.२५ चा ८०. नातू खूश! मग त्यालाच शाळेतलं सूत्र लावायला सांगितलं: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. तिन्ही उत्तरं ०.८ ज्यूलच्या आसपास. स्प्रिंग तीच, तिचा जोर तेवढाच. छर्रा बदलून मार कमी झाला नव्हता. उलट जड छर्रा हवेत वेग कमी गमावतो, त्यामुळे लांबवर तोच जास्त लागतो.

त्याच्या मित्राच्या गॅसच्या पिस्तुलाने तर आणखी गंमत केली. ०.२० चा वेग ९०, ०.३० चा ७७. पण ज्यूल ०.८१ वरून ०.८९ वर गेले! जड छर्रा नळीत जास्त वेळ रेंगाळतो आणि तेवढा वेळ गॅस त्याला ढकलत राहतो. म्हणून नुसता वेग सांगून भागत नाही, छर्र्याचं वजनही सांगावं लागतं. जपानने २००६ साली कायदा बदलला तेव्हा मर्यादा ऊर्जेवरच घातली. ६ मिलिमीटरच्या छर्र्याला ती साधारण ०.९८ ज्यूल पडते.

इथवर सगळं वहीत मावलं. पण एक धोका कुठल्याच यंत्रावर दिसत नाही.

याच ओहायोत, क्लीव्हलँडला, २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तामिर राइस हा १२ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. खेळणं ओळखू यावं म्हणून असतं ते नारिंगी टोक त्यावर नव्हतं. पोलिसांची गाडी आली आणि दोन-तीन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी पोर गेलं. त्या पिस्तुलात छर्रा किती ग्रॅमचा, हे कोण विचारणार होतं?

आमचा नातूही सावळाच आहे, आणि आता बापाएवढा उंच. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग आम्ही ठरवलं: नारिंगी टोक काढायचं नाही, आणि खेळाच्या मैदानापर्यंत बंदूक पेटीत बंद. वहीत हे नियम त्याच्याच अक्षरात लिहून घेतले. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

तुमची नातवंडं तिकडे असतील तर छर्र्याचं वजन जरूर विचारा. पण घराबाहेर बंदूक कशी नेतोस, हे आधी विचारा.